उड्डाणाआधीचे नोटाम: त्यात काय येत नाही, आणि ते कुठून मिळवायचं

कराडच्या धावपट्टीवरून कोल्हापूर सरळ रेषेत साधारण ३८ नॉटिकल मैल. दोन सीटच्या विमानाला हे अंतर पंचवीसेक मिनिटांचं. एवढ्या उड्डाणासाठी नोटाम (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचना) काढले की बहुतेक वेळा कोल्हापूरच्या नावावर दोन-चार सूचना, मुंबई एफआयआरच्या (मुंबईच्या अखत्यारीतल्या विस्तीर्ण हवाई क्षेत्राच्या) नावावर लांबलचक यादी आणि कराडच्या नावावर शून्य, असं चित्र दिसतं. नवीन पीपीएलधारक (खासगी वैमानिकाचा परवाना असलेला) त्या लांब यादीला घाबरतो. खरं तर घाबरायचं त्या शून्याला.

नोटाम म्हणजे बदलाची सूचना. एआयपीमध्ये (देशाच्या अधिकृत वैमानिकी माहिती-पुस्तकात) जे प्रसिद्ध झालंय त्यात तात्पुरता किंवा अचानक फरक पडला की तो काढतात. तो आपोआप निघत नाही. विमानतळ चालवणारा, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण), लष्कर किंवा काम करणारी यंत्रणा माहिती कळवते, नोटाम ऑफिस ती ठरलेल्या साच्यात बसवतं आणि मग ती आपल्या हातात पडते. कळवणारा नसेल तर नोटामही नाही. आणि ज्या धावपट्टीचं एआयपीत स्वतंत्र पानच नाही, तिथे बदल कशात झाला म्हणून सांगणार? गवत गुडघाभर वाढलं, पाणी साचलं, मध्यावर खडीचा ढीग पडला, तरी यादी कोरीच राहते.

म्हणून ब्रीफिंग करताना प्रत्येक धोक्यापुढे दोन प्रश्न विचारायचे. हे कळवण्याची जबाबदारी कुणाची आहे? आणि कळवलं असेल तर मी जिथे शोधतोय तिथेच ते नोंदलं गेलंय का? पुढचं सगळं या दोन प्रश्नांभोवती आहे.

आधी यादी पूर्ण मागवा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण निघालेले नोटामही हातातून निसटतात. विमानतळ प्राधिकरणाच्या एआयएम इंडिया संकेतस्थळावरून किंवा एआयएसच्या (वैमानिकी माहिती सेवेच्या) ऑनलाइन ब्रीफिंगमधून माहिती घ्या. परदेशी ॲप नकाशावर छान रंगवून दाखवतात, पण फक्त देशांतर्गत वाटल्या जाणाऱ्या नोटामच्या मालिका त्यांच्यात येतीलच अशी खात्री नसते. ॲप दुसऱ्या नजरेसाठी ठेवा. पहिली नजर मूळ यादीवरच.

फक्त निघायचं आणि पोचायचं ठिकाण टाकलं तर मधलं सगळं गळतं. कराड-कोल्हापूरसाठीसुद्धा कोल्हापूर (व्हीएकेपी), पुणे (व्हीएपीओ), वाट बदलावी लागली तर जिथे उतराल ते प्रत्येक विमानतळ, आणि मुंबई एफआयआर (व्हीएबीएफ) एवढं स्वतंत्रपणे मागवा. दक्षिणेकडे आणखी पुढे जाणार असाल तर चेन्नई एफआयआरही (व्हीओएमएफ) जोडा. मार्गाचा पट्टा विचारला तर तो दोन्ही बाजूंना किमान २५ नॉटिकल मैल ठेवा. व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर पाहत उडणारा) वैमानिक ढग चुकवायला पंधरा मैल सहज बाजूला जातो, आणि पाच मैलांच्या पट्ट्यात मागवलेली माहिती तिथे निरुपयोगी ठरते.

क्यू ओळ: गाळणी इथेच बसते

नोटामच्या सुरुवातीला क्यू ओळ असते. संगणक तुम्हाला कोणता नोटाम दाखवायचा हे ई) खालचा (मूळ सूचनेचा) मजकूर वाचून ठरवत नाही, या ओळीवरून ठरवतो. समजण्यासाठी रचलेला एक नमुना पाहा (हा खरा नोटाम नाही):

क्यू) व्हीएबीएफ / क्यूओएलएएस / आयव्ही / एम / ई / ००० / ०४२ / १७२७एन०७३५०ई००२

व्हीएबीएफ म्हणजे मुंबई एफआयआर. क्यूओएलएएस म्हणजे अडथळ्यावरचे दिवे बंद. यात मधली दोन अक्षरं विषय सांगतात आणि शेवटची दोन त्याची अवस्था. आयव्ही म्हणजे आयएफआर (उपकरणांवरून उडणारे) आणि व्हीएफआर दोघांसाठी. मग एम, मग व्याप्ती: ए म्हणजे विमानतळापुरता, ई म्हणजे मार्गावरचा, डब्ल्यू म्हणजे हवाई धोक्याचा इशारा. ०००/०४२ हे तळ आणि माथा शेकडो फुटांत, म्हणजे जमिनीपासून ४,२०० फुटांपर्यंत. शेवटी मध्यबिंदू आणि नॉटिकल मैलांत त्रिज्या, इथे दोन मैल. हा बिंदू चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठाराजवळ पडतो.

आता तो एम. हा उद्देशाचा रकाना. एन म्हणजे तातडीने लक्ष द्यावं असा, बी म्हणजे ब्रीफिंगच्या पत्रकात घ्यावा असा, ओ म्हणजे उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचा. एम म्हणजे किरकोळ: नेहमीच्या ब्रीफिंगमध्ये देत नाहीत, मागितला तरच मिळतो. नवा टॉवर, क्रेन, बंद पडलेले अडथळ्याचे दिवे यांचे नोटाम बहुधा याच रकान्यात जातात. तीस हजार फुटांवरून जाणाऱ्या एअरलाइनच्या दृष्टीने ते खरंच किरकोळ आहेत. हजार फुटांवरून कोयनेच्या खोऱ्यात शिरणाऱ्या सेसनाला मात्र त्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा नोटाम तोच असू शकतो. म्हणून मागवताना उद्देशाची गाळणी काढून टाका, सर्व उद्देश निवडा. ऑनलाइन पर्याय सापडत नसेल तर ब्रीफिंग ऑफिसला फोनवर स्पष्ट विचारा: 'मार्गावरचे अडथळ्यांचे, एम उद्देशाचेही नोटाम द्या.'

उंचीची गाळणीही अशीच फसवते. ५,००० ते १०,००० फुटांची माहिती मागितली की वरचा नमुना यादीत येणारच नाही, कारण त्याचा माथा ४,२०० वर आहे. पण चढताना आणि उतरताना तुम्ही त्या थरातूनच जाणार. तळ नेहमी शून्य ठेवा.

मध्यबिंदू फक्त मिनिटापर्यंत लिहितात आणि त्रिज्या पूर्ण मैलांत वर ओढतात. त्यामुळे नकाशावर गोल दिसला तरी नेमकी जागा ई) मधल्या सेकंदांसह दिलेल्या अक्षांश-रेखांशावरूनच काढा. एफ) आणि जी) (तळ आणि माथा) वाचताना उंची समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून, फुटांत की मीटरमध्ये, हे प्रत्येक वेळी तपासा. सह्याद्रीत हा फरक दोन-चार हजार फुटांचा असतो.

यादी लांब असली की थकवा येतो आणि डोळे नुसते घसरत जातात. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत एअर कॅनडाचं ७५९ क्रमांकाचं विमान रनवे समजून चार विमानं उभी असलेल्या टॅक्सीवेवर (रनवेकडे जाण्याच्या मार्गावर) उतरायला निघालं होतं. शेजारचा समांतर रनवे बंद असल्याचा नोटाम त्या वैमानिकांच्या कागदपत्रांत होता, २७ पानांपैकी ८ व्या पानावर. म्हणून वाचायचा क्रम ठरवून घ्या: आधी रनवे आणि विमानतळ बंद (क्यूएमआरएलसी, क्यूएफएएलसी), मग प्रतिबंधित आणि धोक्याचे हवाई भाग (क्यूआरटीसीए, क्यूआरडीसीए), मग हवाई इशारे (क्यूडब्ल्यूने सुरू होणारे सगळे), मग अडथळे (क्यूओबीसीई, क्यूओएलएएस), इंधन (क्यूएफयूएयू), आणि शेवटी बाकीचे. आयएलएस (उपकरणांवरून उतरवणारी यंत्रणा) बंद असल्याचे नोटाम व्हीएफआरला सर्वांत शेवटी वाचले तरी चालतात.

वेळ: साडेपाच तास आणि चुकलेली तारीख

सगळ्या वेळा यूटीसीत असतात. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती तारखेत. बी) (सुरुवात) २६०२१०१८३०, सी) (शेवट) २६०२१११२३० असं लिहिलं असेल तर वरवर १० आणि ११ फेब्रुवारी असे दोन दिवस दिसतात. प्रत्यक्षात १० तारखेचे १८३० यूटीसी म्हणजे आपल्याकडे ११ ची मध्यरात्र, आणि शेवट ११ लाच संध्याकाळी ६ वाजता. १० तारखेला काहीच अडचण नाही.

डी) मधलं वेळापत्रक जास्त गोंधळ घालतं. तिथले वारही यूटीसीचेच. सोमवारी २२०० ते ०२०० असं असेल तर आपल्याकडे ते मंगळवारी पहाटे साडेतीन ते सकाळी साडेसात. मंगळवारी सातला निघणारा माणूस मंगळवारची नोंद शोधतो, ती नसते, आणि तो बिनधास्त बंद भागात शिरतो. प्रत्येक नोटामशेजारी पेन्सिलीने भारतीय तारीख, वार आणि वेळ लिहून काढा. मनातल्या मनात करू नका.

सी) च्या वेळेनंतर ईएसटी असेल तर ती अंदाजे वेळ आहे. ती उलटून गेली म्हणून नोटाम संपला असं समजायचं नाही. तो रद्द झाल्याचा किंवा बदलल्याचा दुसरा नोटाम निघेपर्यंत तो चालूच.

नोटाममधून निघून गेलेली माहिती

ही गळती फार कमी जणांच्या लक्षात येते. तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणारं काम नोटाममध्ये ठेवायचं नसतं, ते एआयपी सप्लिमेंटमध्ये (पुरवणीत) जातं. कायमचा बदल एआयपीच्या दुरुस्तीत जातो. दुरुस्ती लागू होताना 'ट्रिगर' नोटाम निघतो आणि साधारण १४ दिवसांनी तोही यादीतून जातो. पंधराव्या दिवशी यादी स्वच्छ दिसते, पण बदल तसाच असतो. महिनाभर न उडलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

उपाय सोपा आहे. एअरॅकचं (एआयपीतले बदल लागू करण्याच्या ठरलेल्या तारखांचं) चक्र २८ दिवसांचं, आणि लागू होण्याचा वार नेहमी गुरुवार. २२ जानेवारी २०२६ ही अशीच एक तारीख, तिथून पुढे २८-२८ दिवस मोजत जा. त्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. दर चक्रात ई-एआयपीमधल्या चालू सप्लिमेंटची यादी आणि तुमच्या भागातल्या दुरुस्त्या वाचा, नकाशावर हाताने उतरवा.

कायमचे प्रतिबंधित, निषिद्ध आणि धोक्याचे भागही नोटाममध्ये रोज येत नाहीत. ते एआयपीच्या ईएनआर ५.१ मध्ये आहेत. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तिथलं हवाई नियंत्रण हवाई दलाकडे आहे. पुण्याच्या दिशेने नाक वळवण्याआधी ईएनआर ५.१ आणि पुण्याचे नोटाम शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

नोटामच्या क्रमांकांत मधलाच एखादा नंबर दिसला नाही तर तो संपला की आपल्याकडे पोचलाच नाही? त्यासाठी महिन्यातून किमान एकदा चेकलिस्ट निघते (क्यूकेकेकेके), तिच्यात त्या मालिकेतले चालू क्रमांक असतात. ती उघडून जुळवा.

जे कुणी कळवतच नाही

आता पहिला प्रश्न. सातारा-सांगली भागात खरी भीती इथेच आहे.

पवनचक्क्यांचं उदाहरण घ्या. वनकुसवडेचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण १,१५० मीटर, म्हणजे ३,७७० फुटांच्या आसपास. त्यावर पात्याच्या टोकापर्यंत १२० मीटरची चक्की धरली तर माथा ४,१७० फुटांवर जातो. कराड शहर ५७० मीटरच्या आसपास, म्हणजे १,८७० फूट. कराडवर जमिनीपासून हजार फूट उंचीने उडताना अल्टिमीटर (उंचीमापक) २,८७० दाखवतो, आणि पश्चिमेचं पठारच तुमच्यापेक्षा ९०० फूट वर असतं. पूर्वेला कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावच्या बाजूलाही पवनचक्क्या आहेत. अडथळ्यांची जी माहिती देशभरासाठी गोळा करायची असते तिची मर्यादा जमिनीपासून १०० मीटर आहे. त्यापेक्षा बुटकी जुनी चक्की, मोबाइल टॉवर, साखर कारखान्याची चिमणी, खोरं ओलांडणाऱ्या उच्चदाबाच्या तारा यातलं बरंच काही यादीत सापडणार नाही. ते कायमचंच असल्यामुळे त्याचा नोटामही नसतो. तारा तर वरून दिसतच नाहीत, मनोरे दिसतात. दोन मनोरे दिसले की मधे तार आहे असं धरूनच उंची ठेवा.

ड्रोन. ड्रोन नियम, २०२१ नुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. परवानगीच नाही तर नोटाम कुठून येणार? उसावर फवारणी करणारे ड्रोन अगदी खालून उडतात, पण मोजणीचे आणि लग्नाच्या चित्रीकरणाचे बरेच वर जातात. वस्तीबाहेर व्हीएफआरची किमान उंची ५०० फूट. मधे उरतात १०० फूट, तेही ड्रोनवाल्याने नियम पाळला तर. कृष्णाकाठच्या शेतांवर इंजिन बंद पडल्याचा सराव करताना ५०० पर्यंत खाली जायची गरज नाही, हजारावर थांबा.

पॅराग्लायडिंगसाठी क्यूडब्ल्यूपीएलडब्ल्यू हा कोड आहे, पण पाचगणीच्या कड्यावरून उडणारा प्रत्येक जण कळवून उडत नाही. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, दुपारी वारा कड्यावर आदळायला लागला की ते तिथे असणारच असं गृहीत धरा आणि टेबललँडच्या कडांपासून दोन-तीन मैल लांबून जा.

हेलिकॉप्टर. निवडणुकीच्या प्रचारात, मोठ्या कार्यक्रमांना कॉलेजच्या मैदानावर तात्पुरतं हेलिपॅड आखतात. त्याची माहिती जिल्हा प्रशासन आणि पोलिसांकडे असते, नोटाममध्ये बहुधा नसते. आदल्या दिवशीचा स्थानिक पेपर वाचा: कुणाची सभा कुठे, किती वाजता. व्हीआयपी हालचालीमुळे हवाई भाग बंद केला तर मात्र नोटाम निघतो, आणि कधी कधी तासा-दोन तासांवर.

धूर आणि धुकं. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. थंडीत सकाळी हवेचा थर उलटा बसतो, पाचट जाळल्याचा धूर आणि कृष्णेवरचं धुकं खोऱ्यात अडकून राहतं. कोल्हापूरचा मेटार (विमानतळावरच्या हवामानाची नोंद) ५,००० मीटर दृश्यता देत असताना सांगली-मिरजेकडे समोरचा पूल दिसत नाही असं होऊ शकतं. नोटाममध्ये हवामान शोधू नका, आणि एका विमानतळाचा मेटार सगळ्या खोऱ्याला लावू नका.

सांगलीजवळ कवलापूरची जुनी धावपट्टी काही नकाशांवर अजूनही रेघेसारखी दिसते. वापरात नसलेल्या पट्टीला 'बंद' म्हणून कुणी रोज सूचना काढत नाही. अडीअडचणीला उतरायची जागा म्हणून ती मनात धरली असेल तर आधी एकदा गाडीने जाऊन बघा: पृष्ठभाग, कुंपण, खांब, झुडपं. न पाहिलेली पट्टी आणि न पाहिलेलं शेत यात फरक करू नका.

फोनवर काय विचारायचं

नोटाम नसलेल्या पट्टीसाठी तिथला माणूस हाच नोटाम. 'रनवे ठीक आहे ना?' असं विचारलं की 'हो हो, ठीक आहे' हेच उत्तर मिळतं. असं विचारा: आज रनवेवरून शेवटची गाडी किंवा माणूस किती वाजता चालत गेला? गवत दोन्ही कडांना किती उंच आहे? पाणी साचलंय का, कुठल्या टोकाला? वारादर्शक फडकतोय का, फाटलाय का? सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) किती विमानं, कोणती फ्रिक्वेन्सी? आज कुठला कार्यक्रम, शूटिंग, भरती, मेळावा? जनावरं कुठल्या बाजूने येतात? इंधन टाकीत आहे की 'येणार आहे'? उत्तर देणाऱ्याने स्वतः पाहिलंय की ऐकलंय, हेही विचारा. नाव आणि वेळ लिहून ठेवा. दोन तासांपूर्वीचं उत्तर पावसाळ्यात शिळं धरा.

पोचल्यावर पहिली फेरी उतरण्यासाठी नाही, पाहण्यासाठी. सर्किटच्या ५०० फूट वरून पट्टीला समांतर जा आणि पूर्ण लांबी नजरेखाली घाला.

कामाचा क्रम

आदल्या संध्याकाळी: एआयपी, चालू सप्लिमेंट, ईएनआर ५.१, संपूर्ण नोटाम यादी, नकाशावर खुणा, स्थानिक पेपर. याच वेळी तीन रकान्यांचा कागद करा: धोका, कळवणारा कोण, कुणाला किती वाजता विचारलं. तिसरा रकाना ज्या ओळीत रिकामा, ते तुमचं उरलेलं काम.

निघण्याआधी दोन तास: यादी नव्याने काढा आणि फक्त नवे, बदललेले (नोटामआर) आणि रद्द झालेले (नोटामसी) वेगळे करा. पट्टीवर फोन. मेटार, टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज). मग फ्लाइट प्लॅन, एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) क्रमांक. एडीसी मिळाला म्हणजे हवाई संरक्षणाला तुमची ओळख पटली, एवढंच. पुढचा मार्ग निर्धोक असल्याची ती ग्वाही नाही. एफआयसीशी बोलत असताना एक वाक्य जोडा: 'माझ्या मार्गावर गेल्या दोन तासांत काही नवीन निघालंय का?'

इंजिन सुरू करण्याआधी: शेवटची नजर, आणि यादी किती वाजता काढली ती वेळ नी-बोर्डवर (मांडीवर बांधायच्या पाटीवर). उशीर होऊन तासाभराच्या पुढे गेलात तर पुन्हा काढा. हवेत गेल्यावर एटीसीशी पहिला संपर्क झाला की प्रतिबंधित भाग चालू आहेत का हे विचारायला संकोच करू नका.

गाळलेली जागा सापडली तर भरा

नवा टॉवर, विझलेले दिवे, पट्टीवरचा खड्डा दिसला तर खासगी वैमानिक स्वतः नोटाम काढू शकत नाही, पण कळवू शकतो. पट्टी चालवणाऱ्याला आणि जवळच्या विमानतळाच्या एटीसीला किंवा एआयएसला, तोंडी आणि लेखी दोन्ही. त्यात एवढं हवं: जागा अंश-मिनिट-सेकंदांत आणि जवळच्या गावासह, उंची (मोजलेली की अंदाजे, जमिनीपासून की समुद्रसपाटीपासून), दिवा आहे का आणि चालतोय का, पाहिल्याची तारीख आणि यूटीसी वेळ, तुमचं नाव आणि फोन. जमलं तर फोटो. चार दिवसांनी यादीत आलं का ते पाहा, आणि नसेल आलं तर पुन्हा फोन करा.